वाऱ्याची राखण

पहिला दगड खोलीच्या पत्र्यावर आदळला, तेव्हा राखणदार डबा उघडून बसला होता. दुसऱ्या दगडाने खिडकीची काच त्याच्या जेवणात सांडली. तो उठून बाहेर आला. माणसं टेकडी चढून वर येत होती. हातांत काठ्या होत्या, पहारी होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे, लोखंड कापायचं यंत्र खांद्यावर घेतलेला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ होता.

टेकडीवर अजून एकही पवनचक्की उभी नव्हती. होता तो वारा मोजायचा खांब, उंच आणि सडपातळ, चहूबाजूंनी पोलादी तारांनी ताणून धरलेला. वारा पुरेसा भरला तर इथे पवनचक्क्या येणार होत्या आणि पायथ्याशी वीज साठवायला बॅटऱ्यांचे कंटेनर. नुसत्या बेतानेच गाव उभं चिरलं होतं. ज्यांच्या माळावर चक्क्या येणार त्यांना त्या हव्या होत्या, ज्यांच्या दारात बॅटऱ्या येणार त्यांना नको होत्या. मेहुण्याचं घर पायथ्याशीच होतं. तो गॅरेजवाला. ट्रकची बॅटरी फुटून जोडीदाराचा चेहरा गेलेला त्याने स्वतः पाहिला होता. त्याला कोण समजावणार? राखणदारानेही तो नाद केला नव्हता. गिरणी बंद पडल्यावर कुठे काम मिळेना, ते पवनचक्कीच्या कंपनीकडे इथे मिळालं, एवढंच. वाऱ्याची राखण करतो म्हणून लोक त्याला हसत. तोही हसून घेई.

"दाजी, बाजूला व्हा," मेहुणा म्हणाला. "तुमच्याशी भांडण नाही."

"नसू दे. पण त्या तारेला हात लावू नकोस. ताणलेली आहे ती. तोडलीस तर उसळेल."

"भीती कुणाला घालताय?"

मागून कुणीतरी त्याला कंपनीचा कुत्रा म्हटलं. राखणदार तारेला पाठ लावून उभा राहिला. मग मेहुण्याच्या शेजाऱ्याने पहार फिरवली. गुडघ्याचं हाड मोडल्याचा आवाज त्याला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. तो पडला, तशा लाथा बसू लागल्या, तोंडावर, बरगड्यांवर, मोडक्या पायावरसुद्धा. "त्यांना मारू नका," मेहुणा ओरडत होता. लोकांना खेचून मागे करत होता. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने चिडून यंत्र सुरू केलं. काम उरकलं की हे सगळं थांबेल, असं त्याला वाटलं असावं.

तार तुटली आणि चाबकासारखी फिरली. मेहुण्याच्या हातातलं यंत्र उडालं. खांब वाकला, खोलीवर कोसळला, पत्रा आणि विटा एक झाल्या. धूळ खाली बसेपर्यंत टेकडीवर दोघंच उरले होते.

राखणदार कोपरांवर सरपटत गेला. मेहुण्याचा गळा उघडला होता. त्याने दोन्ही तळवे तिथे दाबून धरले. रक्त बोटांतून येतच राहिलं. मेहुणा त्याच्याकडे पाहत होता, काही बोलायला बघत होता. "बोलू नकोस, लेका," राखणदार म्हणत राहिला, डोळे स्थिर झाल्यावरही म्हणत राहिला. दवाखान्याची गाडी आली तेव्हा त्याचे हात सोडवून घ्यावे लागले.

गावात बातमी पसरली ती वेगळीच. दाजीनेच मेहुण्याला तारेवर ढकललं म्हणे. कंपनीचा साहेब दवाखान्यात आला, त्याला हवं होतं की मेहुण्याने जीव घ्यायला हल्ला केला, असा जबाब व्हावा. फौजदार खाटेशी बसला होता. बायको भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

राखणदाराने पहार मारणाऱ्याचं नाव सांगितलं. तार मेहुण्याने कापली, तेही सांगितलं. मग ओठाचे टाके ताणत म्हणाला, "मला मारू नये म्हणून तो ओरडत होता. लोकांना अडवत होता. हे आधी लिहा."

साहेब काही बोलू लागला. फौजदाराने हाताने त्याला थांबवलं आणि लिहून घेतलं. बायको खाटेशी आली आणि त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

घरी सोडल्यावर ती त्याला माहेरी घेऊन गेली. कुबड्या टेकत तो फाटकापर्यंत पोचला. अंगणातल्या माणसांनी माना फिरवल्या. ती आत गेली आणि आतलं रडणं वाढलं. तो उन्हात फाटकाबाहेरच थांबला.

बऱ्याच वेळाने मेहुण्याची बायको बाहेर आली. हातात खुर्ची होती. अंगण ओलांडून तिने ती फाटकाबाहेर, भिंतीच्या सावलीत ठेवली आणि त्याच्याकडे न बघता परत गेली.

राखणदार थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग कुबड्या भिंतीला लावून, प्लॅस्टरचा पाय लांब करून, जपून बसला.