वाणात गेलेला पासवर्ड

तालुक्याच्या सामान्यज्ञान स्पर्धेचा पेपर काढायचं काम यंदा पहिल्यांदाच ढाणकीच्या शाळेतल्या उज्ज्वला मॅडमकडे आलं होतं. महिनाभर खपून तिनं चाळीस प्रश्न जमवले. पेपर फुटू नये म्हणून बुधवारी फाइलवर उजवं क्लिक केलं, 'एन्क्रिप्ट' निवडलं आणि खिडकीतून अंगणात जे दिसलं तेच, शेवटी एक आकडा जोडून, पासवर्ड म्हणून दोनदा टाकलं. इवलंसं कुलूप असलेली नवी फाइल तयार झाली. मूळ फाइल तिनं पुसून टाकली. पासवर्डाची चिठ्ठी व्रताच्या पोथीत ठेवली. देवीपाशी असल्यावर काळजी कसली!

गुरुवारी मार्गशीर्षाचं उद्यापन झालं. पाच सवाष्णींना हळदीकुंकू, केळं आणि एकेक पोथी वाण म्हणून दिली. तिची जुनी पोथी फाटली होती, म्हणून यंदा तिनं सहा कोऱ्या आणल्या होत्या, अगदी एकसारख्या.

शनिवारी दुपारी पेपर छापायला बसली, पोथी चाळली, उलटी धरून झटकली. चिठ्ठी नव्हती. उद्या सकाळी दोनशे मुलं येणार!

"अवं, तूनंच ठेवला ना पासवर्ड?" नवरा संजय म्हणाला.

"शेवंती होती, तूर होती... अजून काय होतं, अन् आकडा कोणता, आठवतच नाही."

तिनं आठ वेळा अंदाजानं टाकून पाहिलं. आठही वेळा 'पासवर्ड चुकीचा'.

"तुह्या देवीहून हे कुलूप कडक आहे."

"देवीले मधात आणू नका," ती हळूच म्हणाली आणि फोन करत सुटली. चौघींच्या पोथीत काही नव्हतं. पाचवीचा, भागीरथाबाईंचा, फोन बंद. संजयनं गाडी काढली.

भागीरथाबाईंच्या देवघरात देवीपुढं शेवंती, कापसाचं बोंड, तुरीची शेंग आणि चिमूटभर तीळ मांडलेले होते. उज्ज्वला बघतच राहिली.

"बाई, पोथीत चिठ्ठी होती का?"

"होती नं! मले वाटलं, मॅडमनं पूजेचं सामान लिहून देलं. प्रेरणानं वाचून दाखवलं, तसंच कालपासून वाहून राह्यली. पन मॅडम, तीळ एकवीसच काहून? मोजता मोजता माहे डोये गेले!"

प्रेरणा, त्यांची लेक, उद्या त्याच परीक्षेला बसणार होती. किल्ली हातात होती, पण कुलूप कुठलं हे पोरीला कुठं ठाऊक!

"चिठ्ठी कुठाय?"

"निर्माल्यासंगं नदीत सोडली. देवीचा कागद घरात कायले पडू द्यायचा?"

उज्ज्वला देवीपुढं वाकून बघू लागली. "मग... आधी काय वाहिलं, मागून काय?"

"ते कसं इसरंन? शेवंती, कापूस, तूर, तीळ एकवीस." मग त्या जरा घाबरल्या. "चुकलं का माहं काही?"

"नाही बाई. तुमचं काहीच चुकलं नाही."

घरी येऊन तिनं तेच शब्द त्याच क्रमानं टाकले. चाळीसच्या चाळीस प्रश्न समोर उभे राहिले.

"चाल, लाव प्रिंटर," संजय म्हणाला.

"थांबा जरा." ती अंगणात गेली, शेवंती तोडली, कापूस, तूर घेतली आणि देवीपुढं बसून एकेक तीळ मोजू लागली.

"किती झाले?" संजयनं चौदाव्या तिळाला विचारलं.

तिचा आकडा चुकला आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.