दाराची आतली बाजू

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला राग येत नाही. गंजलेल्या एकेका स्क्रूपुढे तीन-तीन दिवस बसल्यावर राग नावाची गोष्ट अंगातून निघूनच जाते. हे माझं मत गुरुवारी सकाळी सव्वाअकरापर्यंत टिकलं. सव्वाअकराला मी मेहुण्याच्या गॅरेजमध्ये पोहोचलो.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांना रंग मारतो. मी नाणं टाकून बाटली काढायची जुनी सोडा-मशिनं गोळा करतो. घरात चार आहेत. एक न्हाणीघराच्या दारात असल्यामुळे आमच्याकडे आंघोळीला अंग तिरकं करून जावं लागतं. चौथं मला बंद पडलेल्या एका पोहण्याच्या तलावाच्या अडगळीत सापडलं. दार उघडलं तर आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि सातच्या आकड्याच्या पोटातून आडवी रेघ. अशी रेघ माझे वडील मारायचे.

वडील याच मशिनांचे मेकॅनिक होते. प्रत्येक फेरीला काय केलं ते तारखेसकट दाराच्या आत लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या माणसानं डोकं फोडून घ्यायला नको. बोलायचे कमी. घरी त्यांच्या हातचं म्हणून माझ्या प्रगतिपुस्तकांवरच्या सह्या तेवढ्या उरल्या आहेत, आणि वरचे गुण पाहता त्या भिंतीवर लावण्यासारख्या नाहीत.

दारावर मात्र अकरा ओळी होत्या. ‘रबर बदलले.’ ‘नाणे अडकले, काढले.’ ‘नाण्याऐवजी सदऱ्याचे बटण. काढले.’ वरच्या आठ वाचता येत होत्या. खालच्या तिन्हींवर फुटलेल्या बाटल्यांच्या गोड पाण्याचा काळा थर. मी कोमट पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन बसायचो. रविवारी चार अक्षरं सुटली तर दिवस चांगला. दीड वर्षात दोन ओळी मोकळ्या झाल्या. शेवटची राहिली होती.

बाकी मशीन तयार होतं. गारवा तेवढा यायचा होता. तिसरा कॉम्प्रेसर बसवला होता, आणि आता येईल असं मी घरात सांगत होतो.

दार बाहेरून गंजलं होतं, म्हणून ते काढून मेहुण्याला दिलं. आतल्या बाजूला कागद लावला, चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली, आणि तीनदा बजावलं, “फक्त बाहेरून.”

गुरुवारी दार दोन्ही बाजूंनी चकाकत होतं.

“आतून रंगवायला कोणी सांगितलं होतं?”

“भाऊजी, अर्धवट काम आपल्या गॅरेजमधून बाहेर जात नाही. आणि आतली दशा बघितली होती का? चिकट, काळी, वर कोणीतरी पेन्सिलीनं खरडलेलं.”

“मी कागद लावला होता!”

“हो ना. मला वाटलं, घाण दिसू नये म्हणून लाजून लावलात. घरच्या माणसापुढे कसली लाज?”

पुढची पाच मिनिटं मी जे बोललो ते त्याच्या दोन कारागिरांना तोंडपाठ झालं असावं, कारण त्यांनी हातातली कामं खाली ठेवली होती. गाढव म्हटलं, मग गाढवाची माफी मागितली. पॉलिश पेपर उचलून दार घासायला धावलो, तेव्हा मेहुण्यानं मला मागून मिठी मारली आणि एका हातानं बहिणीला फोन लावला.

“अहो, ओरडताय कशाला? झालं काय?”

“यानं माझ्या वडिलांना पुसून टाकलं!”

“त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली,” बायको म्हणाली. “त्याच्यावर कशाला ढकलताय?”

मी फोन बंद केला.

“ते खरडलेलं हवं होतं का?” मेहुणा बेतानं म्हणाला. “त्याचा फोटो आहे की. काम हातात घेतलं की मी आधी फोटो काढतो. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, हा ओरखडा तुमचाच.”

“माझ्या दाराचाही काढलास?”

“तुमचा तर आधी.”

त्यानं दार गाड्या धुवायच्या पंपानं धुतलं होतं, वाळवलं होतं आणि मग फोटो काढला होता. माझं दीड वर्षाचं काम त्याच्या पंपानं पाच मिनिटांत संपवलं होतं. अकराच्या अकरा ओळी स्वच्छ. त्याबद्दलही मला संताप आला. मी चष्मा पुसला आणि शेवटची ओळ मोठी करून वाचली.

‘७ तारीख. थंड करत नाही. तीनदा पाहिले. यात कोणी वेळ घालवू नये. भंगारात द्यावे.’

खाली सही. प्रगतिपुस्तकावरचीच.

मेहुण्यानं माझ्या खांद्यावरून वाचलं. कारागिरांनीही वाचलं. कोणी हसलं नाही, याचा मला हसण्यापेक्षा जास्त राग आला. आता तो कोणावर काढायचा ते ठरेना, म्हणून मी मेहुण्यालाच पुन्हा एकदा गाढव म्हणालो.

“बरं,” तो म्हणाला. “दार उद्या न्या. रंग ओला आहे.”

शनिवारी दार बसवलं. बिजागऱ्या नीट बसल्या. दिवा लागतो, नाणं टाकलं की बाटली सुटते. गार नसते.