कुरुळीचं चाक

सत्तावन्न सालची गोष्ट आहे. सांगताना मी स्वतःची बाजू घेणार नाही, कारण घेण्यासारखी ती नाहीच.

तेव्हा मी पिंपरीला एका नव्या कारखान्यात फिटर होतो. साताऱ्याकडून पोट भरायला आलेला, बिनलग्नाचा, आणि डोक्यात एकच खूळ, सायकल. आम्ही कामगारांनी मिळून सायकल क्लब काढला होता. क्लब कसला, सेक्रेटरी उद्धवरावांची पडवी आणि खुंटीला टांगलेला एक पंप! वर्षातून एकदा शर्यत. शनिवारी अर्धी पाळी सुटली की पिंपरीहून खेडला जायचं, तिथं मुक्काम, आणि रविवारी सकाळी परत. दोन्ही दिवसांचा वेळ मिळून नंबर. नियम एकच, पण पक्का. ज्या गाडीवर सुटलात तिच्यावरच पोचायचं. दुसऱ्याचं नुसतं चाक जरी लावलं तरी बाद.

दोन वर्षं कप ज्योतीरामने नेला होता. हा कासारवाडीचा, घरचा खाऊनपिऊन सुखी, गाडी विलायती. माझी जुन्या बाजारातली. तिच्याकडे बघून तो म्हणायचा, "काय चिमाजीराव, शर्यतीला आलात का दूध घालायला?" सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि आतल्या आत जळून खाक व्हायचो.

त्या शनिवारी मोशीच्या पुढे माझी साखळी उतरली. चाकणच्या अलीकडे पुन्हा उतरली. हात काळे, तोंड काळं, तरी खेडला पोचलो तेव्हा ज्योतीराम माझ्यापुढे फक्त तीन मिनिटं होता. झोप कसली लागतेय! तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही, असं म्हणत कूस बदलत राहिलो.

रविवारी चाकण मागे टाकलं तेव्हा त्याची पाठ मला दिसत होती. आणि कुरुळीच्या शिवेवर पायातला जोरच गेला. पेडल गरागरा फिरतंय अन् चाक ढिम्म! साखळी ज्यावर बसते ते मागचं फ्रीव्हील आतून निकामी झालं होतं. मी गाडीला एक सणसणीत शिवी हासडली.

रस्त्याला लागूनच एक घर होतं. अंगणात तिशीचा एक माणूस सायकल उलटी करून तेलपाणी करत होता. त्याचं नाव कोंडीराम. तो उठून आला, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "हे हितं न्हाई व्हायचं, पावनं."

"भाऊ," मी म्हणालो, "तुमचं मागचं चाक द्याल?"

तो घुटमळला. त्याची बायको भागूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती म्हणाली, "उद्या त्यास्नी पिंपरीला जायचंय. त्या नव्या कारखान्यात भरती हाय. आठाच्या आत गेटावर पायजे. एश्टीचा काय भरवसा?"

नव्या कारखान्याचं ऐकून मी उडालोच. "अहो वहिनी, मी तिथंच कामाला आहे! आज दिवेलागणीच्या आत चाक आणून देतो. आईची शपथ!"

शपथ ऐकली आणि कोंडीराम पाना घेऊन खाली बसलासुद्धा. दहा मिनिटांत त्याचं चाक माझ्या गाडीला लागलं, माझं त्याच्या भिंतीला टेकलं. मी सुटलो तो वाऱ्यासारखा.

भोसरीच्या पुढे ज्योतीराम रस्त्याकडेला बसून पंक्चर काढत होता. टायर विलायती असेल, बाभळीच्या काट्याला त्याचं काय! त्याच्याकडे न बघता मी पुढे गेलो. साडेनऊला पिंपरीत पोचलो, सगळा वेळ मिळून पहिला. पोरांनी गुलाल उधळला, खांद्यावर घेतलं. उभ्या आयुष्यात मला कुणी खांद्यावर घेतलं नव्हतं.

ज्योतीराम आला तो तडक माझ्या गाडीपाशी. खाली वाकून म्हणाला, "सकाळी ह्याच्या चाकाची रिम चकचकीत होती. आता गंजकी कशी काय, उद्धवराव?"

 उद्धवरावांनी चष्मा पुसला. "चिमाजी, खरं सांग. हे चाक तुझं का?"

"माझं," मी म्हणालो.

एक शब्द. विचार करायला क्षणभरही घेतला नाही, याचीच मला अजून लाज वाटते.

"ठीक आहे," उद्धवराव म्हणाले. "उद्या पाचला कमिटी बसेल. तोवर गाडी माझ्या पडवीत राहील."

झालं! चाक अडकलं. ते सोडवायचं तर 'माझं नाही' म्हणावं लागणार, आणि म्हटलं की कप ज्योतीरामचा. दुपारभर खोलीत येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या कुणाची सायकल मागून कोंडीरामला नेऊन द्यावी, तर लोक विचारणार, 'कशाला?' आणि ज्योतीरामची माणसं नाक्यावर बसलेली. मग मी मनाची समजूत घालू लागलो. चालत जाईल की. दहा मैल काय, खेड्यातली माणसं सहज चालतात. एखादा ट्रक भेटेल. शेजाऱ्याची सायकल मिळेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी गत. दिवेलागण झाली आणि मी दार लावून घेतलं.

सोमवारी सातच्या पाळीला गेलो. आठाचा भोंगा झाला तेव्हा गेटाकडे जाऊन बघायला दोन मिनिटं लागली असती. मी गेलो नाही. मान खाली घालून एकच नट चारदा आवळत बसलो.

पाचला कमिटीने सांगितलं, पुरावा नाही. कप माझा. टाळ्या वाजल्या. मी कप तिथंच ठेवला, गाडी घेतली आणि कुरुळीचा रस्ता धरला. अजून उजेड होता.

कोंडीराम अंगणात बसला होता. मला पाहून उठला. "आलात? लागलं-बिगलं न्हाई ना? आमच्या जिवाला घोर."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, "भरतीचं काय झालं?"

उत्तर भागूबाईने दिलं. "काय व्हायचं? म्या सांजंपासनं म्हनतीया, चालत निघा. तर म्हनले, मानसानं आईची शपथ घेतलीया, येनारच. आपुन निघून गेलो अन् ते चाक घिऊन आले, तर? त्यास्नी काय वाटंल? तांबडं फुटंस्तवर रस्त्यावर बसून ऱ्हायले, मग निघाले. नऊला पोचले. तवर मानसं घेऊन झालीवती."

 ती थेट माझ्याकडे बघत होती. "शर्यत कवा सपली वो?"

"काल सकाळीच," मी म्हणालो. आणि लगेच पुढचं खोटं तोंडातून निघालं. "पण चाक पंक्चर झालं ना वहिनी. ट्यूब फाटली. रविवारचा दिवस, कुठं दुकान उघडं नाही. आत्ता झालं दुरुस्त."

कोंडीरामने चाक काढून घेतलं. मांडीवर आडवं धरून हळूहळू फिरवलं. टायर आणि रिमच्या फटीत जुना वाळका चिखल बसला होता, सलग, कुठेही न तुटलेला. टायर उघडलं असतं तर तो राहिला असता होय? माझ्यासारख्या फिटरला सांगायला नको, आणि त्यालाही नको होतं. त्याचा अंगठा त्या चिखलावरून पुरता एक वेढा फिरला. मग थांबला.

"व्हय गं," तो बायकोला म्हणाला, "पंक्चरच हाय. दोन ठिगळं लावल्यात."

भागूबाईचा चेहरा निवळला. "मग त्यांचा तरी काय विलाज? बसा, च्या टाकते."

"च्या नगं टाकू," कोंडीराम म्हणाला. "त्यास्नी घाई हाय."

ती आत गेली. मी म्हणालो, "कोंडीरामभाऊ, मी..."

"तिला न्हाई सांगायचं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "लई आशा लावून बसलीवती."

माझं निकामी चाक त्याने स्वतःच्या हाताने माझ्या गाडीला बसवून दिलं. नट आवळले, ओढून पाहिले. गाडी ढकलत चालत जायची होती, तरी नीट आवळले. एकदाही वर बघितलं नाही.

"येतो, भाऊ," मी म्हणालो.

आपल्याकडे वैऱ्यालासुद्धा 'या' म्हणून निरोप देतात. कोंडीरामने हात पुसले.

"जावा," तो म्हणाला.