माती खाल्ली

ताई माती खायची. अगदी खरोखरची. खड्ड्याच्या भिंतीतून चिमूटभर काढायची आणि दाताखाली धरायची. करकरली तर नदीचा गाळ, लोण्यासारखी विरघळली तर चिकणमाती. पुरातत्त्वाच्या सगळ्या पदव्या एकीकडे आणि तिचे दात एकीकडे. बांधावर मुकादम असलेला तिचा थोरला भाऊ मजुरांना हसवायचा, "डोहाळे लागलेत आमच्या बाईसाहेबांना, चाळिशीत!"

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात नदीने कूस बदलली आणि पलीकडच्या काठाला जाऊन बिलगली. अलीकडच्या विहिरी आटल्या. नदी परत ओढायला दादाच्या गावाने बांध घालायला घेतला. तो पुरा झाला की पलीकडचं गाव पाण्याखाली जाणार होतं. ताईचा नवरा पलीकडचा. बांधाच्या पायथ्याशी जुनं शहर निघालं, म्हणून ती दोघांच्या मधोमध खणत बसली होती.

त्या सकाळी सात सांगाडे निघाले. सगळे पालथे, कवट्या मागून फुटलेल्या.

"पुरात बुडाले असतील बिचारे," दादा वरून म्हणाला.

ताईने एका जबड्यातली माती चावून पाहिली.

"गाळ नाही हा, दादा. बांधाला घालतात ती चिकणमाती आहे. यांना डोकी फोडून चिखलात दाबलंय. तेव्हाही नदी हलली होती, तेव्हाही कुणी बांधाच्या आड आलं असणार."

दादा हसला नाही. नवरा बांध अडवायला येतोय हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुपारी चौघांनी त्याला फळीवर घालून आणलं. डोक्याची मागची बाजू ठेचलेली, तोंड चिखलाने गच्च.

"भाऊजी नदीत घसरले गं," दादा म्हणाला. "खूप हातपाय मारले मी, पण धारेपुढे काय चालतं?" त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा होतं मेल्याच्या.

ताई रडली नाही. नवऱ्याच्या तोंडातला चिखल तिने दोन बोटांनी काढला आणि जिभेवर ठेवला. चावला. पुन्हा चावला. एक कण तरी करकरू दे, म्हणून तिने जबडा दुखेपर्यंत चावला.

मग तिने कुदळीचा दांडा दादाच्या गुडघ्यावर असा हाणला की हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो पडला, ती छातीवर बसली. त्याने तिचा गळा आवळला, बुक्कीने ओठ फोडला; तिने त्याचा अंगठा कडकडून चावला आणि ओरडायला त्याने तोंड उघडताच तोच चिखल आत कोंबला.

"चाव! सगळ्यांदेखत चाव! करकरतंय का?"

मजूर फावडी टाकून भोवती उभे राहिले. गाळ कसा वाजतो ते ताईकडून प्रत्येकजण शिकला होता. कुणीही सोडवायला आलं नाही.

दादाचा जबडा हलला. काहीच वाजलं नाही.

"इतके दिवस मला हसलास," ती रक्त थुंकत म्हणाली. "माती तू खाल्लीस, दादा."