फेसबाबा आणि ओली मॅट

टॅक्सीतळावर त्या सकाळी एकही गाडी भाड्याला निघेना. सगळे चालक कोंडाळं करून उभे, प्रत्येकाच्या काखेत आपापल्या गाडीची मॅट, आणि मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर फेसबाबा.

"गाडीची पीडा बसते कुठे?" बाबा विचारत होते. "इंजिनात? छे! टायरात? छे! पायाखाली! येणारा-जाणारा प्रत्येक उतारू आपली साडेसाती तुमच्या मॅटवर झटकून मोकळा होतो!"

चेल्याने एक मॅट घेतली, हाताने चोळून झटकली आणि अंथरली. बाबांनी तांब्यातलं तीर्थ शिंपडलं. मॅट चक्क फसफसायला लागली! पांढराशुभ्र फेस आला, मग काळं पाणी. बाबांनी ब्रश फिरवला, तर मॅट लख्ख.

"गेली! तोंड काळं करून गेली!" बाबा गरजले. गर्दीने हात जोडले.

सगळ्यांत पुढे होता 'जावई'. तो सासूबाईंच्या घरी राहायचा आणि वर ते अभिमानाने सांगायचा, म्हणून तळावर त्याचं हेच नाव पडलं होतं. हल्ली त्याच्या पायाखालची मॅट सारखी ओली, तेलकट व्हायची. ब्रेकही फार खोलवर दाबावा लागायचा.

"पीडा रडतेय रे," त्याचीही मॅट फेसाने धुऊन देत बाबा कळवळून म्हणाले. "उद्या पुन्हा आण. तोवर मेकॅनिकला हात लावू देऊ नकोस. त्याच्या पान्यावर बसून परत येईल ती!"

संध्याकाळी मॅट पुन्हा ओली. जावयाने गाडी तळावरच ठेवली आणि मॅट घरी आणली. सासूबाई जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी मॅट नाकाशी धरली.

"जावईबापू, तुमचं तीर्थ आंबट कसं?"

"आई, गुलाबपाणी आहे त्यात."

"गुलाबपाणी आहेच. पण त्याच्या आडून व्हिनेगर डोकावतंय! उद्या मी येते. मलाही दर्शन घडू दे."

दुसऱ्या दिवशी सासूबाई तळावर हजर. चेल्याने हात पुढे केला, तशी त्यांनी मॅट मागे ओढली.

"राहू दे बाळा, मीच झटकते. तुझे हात कशाला मळवायचे?"

मॅट अंथरली. बाबांनी तीर्थ शिंपडलं. काही नाही. पुन्हा शिंपडलं. मॅट नुसती भिजली.

"या... यात पीडा नाही," बाबा अडखळले.

"अगंबाई! कालच तर रडत होती!"

गर्दीत खसखस पिकली. तेवढ्यात सासूबाईंनी चेल्याचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि त्या पांढऱ्या तळहातावर तांब्या कलता केला. तळहात फसफसला!

"बाबा, बघा! साडेसाती तुमच्या चेल्यालाच!"

हसता हसता लोकांची पुरेवाट झाली. सासूबाई मात्र शिकवायच्या सुरात म्हणाल्या, "हा खाण्याचा सोडा. झटकायच्या निमित्ताने चेला तो मॅटला चोळतो. त्यावर व्हिनेगर पडलं की वायू सुटतो, फेस येतो, चिकटलेली घाण सैल होते. मॅट स्वच्छ होते, खोटं कशाला बोलू? मीही घरी असंच धुते. पण फेस मळ काढतो, ब्रेक दुरुस्त करत नाही. ती ओल कुठून येते, ते कुणी पाहिलं का?"

शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक गाडीत वाकला. पेडलच्या मागे बोट फिरवून त्याने ते जावयाला दाखवलं.

"ब्रेक ऑइल गळतंय. एखाद्या उतारावर पेडल थेट तळाला टेकलं असतं आणि गाडी थांबलीच नसती."

 याच गाडीतून जावई आपल्या लेकीला रोज शाळेत सोडत होता.

"आई, मी बाबांचं ऐकून..." जावयाने गाडीची किल्ली मेकॅनिकच्या हातात ठेवली.

"घाबरलात ना? बरं झालं," सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता गाडी गॅरेजात ढकला. मीही हात लावते."

सगळा तळ गाडी ढकलायला लागला. तेवढ्या गडबडीत बाबा आणि चेला दिसेनासे झाले.

तेव्हा मंडळी, मॅट खुशाल सोड्याने घासा, व्हिनेगरने धुवा, उन्हात वाळवा. गाडी कुरकुरली, तर मात्र मेकॅनिक गाठा. आणि कुणी तुमच्या पायाखालच्या मळात तुमचं नशीब दाखवू लागला, तर त्याच्यापुढे हात जोडण्याआधी त्याचे हात नीट बघा.