कुसुंबाची हिरवी पानं

आबा मास्तरांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. ही गोष्ट अख्ख्या डोंबिवलीत दोघांनाच ठाऊक होती, ते स्वतः आणि त्यांची बायको मंदाकिनी. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीसाठी तपासणीला उभे राहिले तेव्हा डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. त्यातला एकही आकडा वाचता आला नाही आणि वडिलांनी चार जणांचे पाय धरून ठरवत आणलेली नोकरी हातची गेली. पुढे ते शाळेत चित्रकलेचे मास्तर झाले. देवाला थट्टा करायची हुक्की येते ती अशी.

हात मात्र असा की कागदावरचं पाखरू आता उडेल म्हणून बघणाऱ्यानं श्वास धरावा. दर रविवारी पहाटे दोघं नवराबायको खडवलीला उतरत. नदीवर गुणाजी कोळी होडी घेऊन उभा असे. मास्तर पुढच्या टोकाला मांडीवर कागद घेऊन बसत, मंदाकिनी मागच्या मधल्या फळीवरून त्यांच्या डोक्यावर छत्री धरे. ते पेन्सिलीनं पाखरू काढत आणि ती रंग सांगे. रंगांच्या नळ्यांवरची नावं तिला येत नसत, आणि ते बरंच होतं.

"पाठ कशी गं?"

"भाजलेल्या सुकटीची. मानेकडे जरा जास्त भाजलेली."

"पोट?"

"ताक. पातळ केलेलं."

मास्तर चित्राच्या कडेनं रेघा ओढून सुकट, ताक, आमसुलाचं पाणी असं सगळं लिहून घेत. कुणी ती वही चाळली असती तर स्वैपाकाची म्हणून चुलीपाशी नेऊन ठेवली असती. घरी रंग कालवायला बसले की ती मागे उभी राही. "अजून. अजून जरासं. बास." आमटीत मीठ घालावं तितक्या बिनघोर ती मास्तरांच्या रंगात लुडबुड करी. ठाण्याच्या प्रदर्शनात लोक म्हणत, रंगांची काय जाण आहे माणसाला! मास्तर मान खाली घालत, ती पदराआड हसे.

चित्र पुरं झालं की मागच्या बाजूला जागा, तारीख आणि खाली 'सोबत मंदाकिनी' एवढं लिहायचं, हा मास्तरांचा नेम. तारखेच्या बाबतीत ते फार कडक. पाखराचा रंग ऋतूप्रमाणे बदलतो, तारीख चुकली की चित्र खोटं झालं, असं ते पोरांना शाळेतसुद्धा ऐकवत. दुसरा नेम असा की काच लावण्याआधी चित्र खडवलीला नेऊन गुणाजीला दाखवायचं. गुणाजीला अक्षरओळख नव्हती आणि कौतुक करायची सवयही नव्हती. "शेपूट एवढी खाली नसते," म्हणून तो मोकळा होई, आणि मास्तर घरी येऊन शेपूट वर करत.

हा दुसरा नेम शेवटची दोन वर्षं मोडला होता. मोडला मंदाकिनीनं. "पुस्तकं छापणारे तुमच्या दारात येतात. आता पाटी दाखवायला जावं तसं दर चित्र घेऊन तिकडे काय जायचं?" मास्तरांनाही ते कुठेतरी गोड वाटलं. माणूस आहे, वाटणारच. त्याच सुमाराला तिनं पेपर वाचणं सोडलं. "तुम्हीच वाचून दाखवा, मला भाजी निवडायचीय." आणि होडीत तिची बडबड वाढली. पान कसलं आहे हो? चोच आखूड की लांब? कशावर बसलाय? इतक्या वर्षांनी बायकोला पाखरांची गोडी लागली म्हणून मास्तर सुखावले होते. खुलवून खुलवून सांगत.

नव्वद सालच्या दिवाळीआधी रक्तातली साखर एकदम वाढली आणि तीन दिवसांत मंदाकिनी गेली. घर तेच दोन खोल्यांचं, पण मास्तरांना त्यात पाय कुठे ठेवावा कळेना.

ठाण्याचे एक प्रकाशक जिल्ह्यातल्या चोवीस पाखरांचं पुस्तक काढत होते. तेवीस चित्रं गेली होती. चोविसावं हरियालाचं, पुस्तकाच्या वेष्टनावर जायचं. शिमग्यानंतरच्या रविवारी खडवलीला टिपलेलं आणि श्रावणात तिला मागे उभी करून रंगवलेलं. तिच्या सांगण्यावरून रंगवलेलं ते शेवटचं चित्र. जानेवारीतल्या एका सोमवारी ते पोचवायचं ठरलं, आणि आदल्या दिवशी मास्तरांना राहवेना. मोडलेला नेम आठवला. चित्र कापडात गुंडाळून ते एकटेच खडवलीला गेले.

गुणाजीनं चित्र दोन्ही हातांनी धरलं. पाखरू सोडून तो झाडाकडेच बघत राहिला.

"झाड कुठलं ओ ह्ये?"

"वरच्या डोहावरचं. शिमग्यानंतर गेलो होतो ना आपण तिघं."

"तो कुसुंब, मास्तर. कुसुंब त्या दिसांत लाल असतो. पालवीच लाल येते त्याला. लांबून बघाल तर जाळ लागल्यावानी." त्यानं चित्र जरा लांब धरलं. "लाल झाडात हिरवं पाखरू बसलेलं, म्हणून तर मी होडी थांबवलेली. तुम्ही हिरव्यात हिरवं घालून हरवून टाकलंत त्याला."

"मंदा हिरवं म्हणाली," मास्तर बोलून गेले. मग जे तीस वर्षं कुणाजवळ काढलं नव्हतं ते तोंडातून आलंच. "मला लाल-हिरवं कळत नाही गुणाजी. दोन्ही मला मातीचीच दिसतात."

"ठावं हाय मना. बाईंनी सांगितलेलं." गुणाजीनं चित्र फळीवर ठेवलं. "बाईंना बी नव्हतं दिसत."

"काय?"

"दोन वरसं. होडीत चढताना मी हात धरायचो तो काय उगाच? एकदा फळी सोडून पाण्यात पाय टाकलेला त्यांनी, तेवा कळलं मना. तुम्ही फुडे कागद मांडत बसलेले. शेजारणीसंगती कल्याणला डोळ्याच्या डाक्टरकडे जाऊन आलेल्या. साखरेनं नजर गेली, परत येणार नाय म्हणाला."

"मला का नाही सांगितलं?"

"म्हणाल्या, ह्यांना कळलं तर हे चित्र काढायचं सोडतील. मना शपथ घातलेली."

"मग रंग कसे सांगायची ती?"

"तुमालाच इचारून."

मास्तरांना तो रविवार आठवला. पान कसलं आहे हो, तिनं त्या दिवशीही विचारलं होतं. लांबट, गुळगुळीत, जोडीजोडीनं लागलेलं, त्यांनी सांगितलं होतं. पाखरू? कबुतराएवढं, पाय पिवळे. क्षणभर थांबून ती म्हणाली होती, मग हरियालच. पाठीला कोवळ्या वालाच्या शेंगांचा रंग घ्या, आणि पानं हिरवीच, माहेरी आमच्या दारच्या जांभळाला असायची तशी. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं, 'जांभूळ, तिच्या दारचं'. घरी मागे उभी राहून ती विचारायची, सुरीच्या टोकानं रंग किती वेळा घातलात? तीन? अजून एक. बास. सगळं पाठ होतं तिला.

त्यांना तिचा राग आला. मग स्वतःचा आला आणि तो जाईना. पंखातलं एक पीस इकडचं तिकडे झालं तर दहा हातांवरून ओळखणारा माणूस. पाठीशी बसलेल्या बायकोचे डोळे दोन वर्षांत त्याला एकदा बघावेसे वाटले नाहीत. अंधारात बसून ती छत्री मात्र त्यांच्या डोक्यावर धरत होती. मास्तर नदीकाठी ओक्साबोक्शी रडले. गुणाजी जाळं ओढत बाजूला बसून राहिला.

"रंग आणलेत का?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "मी सांगतो लाल कुठं कुठं ते. आज होऊन जाईल."

रंगांची पेटी पिशवीत होती. मास्तरांनी ती काढली नाही. "मला त्या झाडाकडे ने," ते म्हणाले.

डोहावर पोचल्यावर त्यांनी वर पाहिलं. एक मोठं मातकट झाड.

"आज कसं आहे रे?"

"आता हिरवं. जून पानं हायत. अजून महिन्याभरात झडतील, मंग लाल येतील."

"नक्की हिरवं?"

"तुमच्या चित्रात हाय तसंच."

मास्तरांनी चित्र उलटं केलं. मागे पेन्सिलीनं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, खडवली, १८ मार्च १९९०. त्यांनी खोडरबर काढून तारीख पुसली आणि तिथे त्या दिवसाची घातली. आयुष्यात लिहिलेली ही त्यांची पहिली खोटी तारीख. पण आता झाडाचा रंग बरोबर होता. पुस्तक हातात घेऊन कुणी म्हणणार नव्हतं की सांगणारीचं चुकलं.

गुणाजी वाकून बघत होता. वाचता येत नसलं तरी दर चित्रामागची खालची ओळ त्याला आकारानं ओळखीची होती.

"आन् ती?" त्यानं विचारलं.

त्या तारखेला मंदाकिनीला जाऊन तीन महिने होत होते. मास्तरांनी रबर 'सोबत मंदाकिनी' या ओळीपर्यंत नेलं आणि खिशात टाकलं.

"ती राहू दे," ते म्हणाले.

परत येताना मास्तर नेहमीसारखे पुढच्या टोकाला बसले होते, मधली फळी मोकळी. होडी काठाला लागली तसा गुणाजी आधी खाली उतरला आणि सवयीनं त्यानं मधल्या फळीकडे हात केला. तो हात तसाच राहिला. मग मास्तर उठून मधल्या फळीवर आले आणि तो हात धरून उतरले.