सरळ चोच

आमच्या धंद्यात खोटेपणाला टचिंग म्हणतात. मुलीचं नाक वाकडं असलं तर ते सरळ करायचं, देवीचे व्रण बुजवायचे, हनुवटी जरा आत घ्यायची. काचेच्या निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लावावी ती जागा फोटोत उजळते, जिथे चाकूने खरवडावं ती काळी पडते. एवढं जमलं की कुणालाही देखणं करता येतं. नांदेडात एकवीस वर्षं मी हेच करत आलो होतो आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता. डोळे चुरचुरायचे, मान धरायची. बायको म्हणायची, चार दिवस दुकान बंद ठेवा. पण वैशाखातली लग्नं तोंडावर आली की स्थळांना फोटो पाठवणारे मुलींचे बाप दुकानाच्या पायरीवरून उठायला तयार नसत.

अशा ऐन घाईत फसली तेराशे त्रेपन्नच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीसच्या चैत्रात रेणुकादास मास्तर आले. मिडल स्कूलमध्ये उर्दूतून हिसाब शिकवून रिटायर झालेला माणूस. बायको गेलेली, एकुलती मुलगी सिंधु लातूरला दिलेली. मास्तरांना एकच नाद होता, गोदावरीच्या वाळवंटात उतरणारी पाखरं. तुतवार, चिखल्या, शेकाट्या, सगळे त्यांच्या ओळखीचे. मला विचाराल तर सगळी मातकट रंगाची, चिखलात चोच खुपसून हिंडणारी पाखरं.

"वसंतराव, एक तसवीर काढायची आहे," ते म्हणाले. "पाखराची."

"माणसांच्या काढून मेटाकुटीला आलोय मास्तर. पाखरू स्थिर बसेल का?"

"नाही बसणार."

निदान खोटं तरी बोलले नाहीत. मग त्यांनी सगळं सांगितलं. दर चैत्रात परतीच्या वाटेवर एक पाखरू चार-आठ दिवस आपल्या नदीवर थांबतं. दिसायला तुतवारासारखंच, फक्त चोच टोकाकडे वर वळलेली. मास्तर त्याला उलटचोच्या म्हणत. अकरा वर्षं ते पाहत होते. मुंबईच्या जाणकारांना त्यांनी तीनदा पत्रं लिहिली आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, तेही मोठ्या अदबीनं, की तो पक्षी समुद्रकाठचा, इतक्या आत येत नाही, आपण साधा तुतवार पाहिला असावा. पुरावा असल्यास पाठवावा.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय," मास्तर म्हणाले. "वैशाखात सिंधु मला लातूरला नेणार. तिथे ना नदी, ना पाखरू. मला खोट्यात काढून ते लोक मोकळे झाले. जाण्याआधी एवढं खरं झालं पाहिजे."

लढाईमुळे हैदराबादहून फोटोच्या काचा, प्लेटा, येत नव्हत्या. माझ्याकडे हलती वस्तू जलद पकडणाऱ्या दोनच उरल्या होत्या. नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या थोरल्याला त्यांनी वर्षभर फुकट हिसाब शिकवला होता, त्यामुळे माझी जीभ रेटेना.

गोवर्धन घाटाच्या खाली वाळूत ग्यानोबाची खरबुजांची वाडी होती. त्याच्या खोपीत आम्ही सलग पाच सकाळी बसलो. पाचटाला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचं भिंग बाहेर काढलं, समोर पाण्याच्या कडेला एका काळ्या दगडावर नजर बांधून ठेवली आणि दाबला की फोटो निघणारा रबरी नळीचा फुगा हातात धरून मी डुलक्या काढू लागलो.

"काय करून राहिले मास्तर?" ग्यानोबा रोज विचारायचा. "पाखरं तर समदी सारखीच हायेत. त्या परीस खरबूज खा, लई गोड हाय."

चौथ्या दिवशी एक प्लेट वाया गेली. पाचव्या दिवशी ऊन चढायला लागलं होतं, मी जवळजवळ झोपलोच होतो, तेवढ्यात मास्तरांनी माझं मनगट दाबलं. "आता."

मी फुगा दाबला. भुर्रकन काहीतरी उडालं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, उन्हामुळे की कशामुळे, मी विचारलं नाही.

त्याच दुपारी मी काच धुतली. पाखरू अंगठ्याच्या नखाएवढं, पण स्वच्छ आलं होतं. काच वाळायला मुलींच्या निगेटिव्हांच्या घोडीवर लावली आणि जेवायला गेलो. आल्यावर खिडकीपाशी टचिंगला बसलो. एकूण चौदा मुली होत्या. एक काच घ्यायची, पेन्सिल, चाकू, पुढची घ्यायची. अंग आंबलेलं, डोळे मिटत होते, हात मात्र चालू होता. संध्याकाळी मोजल्या तर पंधरा काचा झाल्या होत्या.

पंधरावी कोणती, हे दुसऱ्या दिवशी उन्हात फोटो छापल्यावर कळलं. दगडावर पाखरू उभं होतं. पाय, पंख, डोळा, सगळं जागच्या जागी. आणि जोंधळ्याच्या दाण्याएवढी ती चोच मी अगदी सुईसारखी सरळ करून ठेवली होती. पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही.

मास्तर दुपारी आले. फोटो त्यांनी डोळ्याला टेकवला, उजेडाकडे धरला, भिंग लावून पाहिला, मग हसून माझ्याकडे वळले. "मला आता बारीक दिसत नाही हो. चोच आलीय ना नीट?"

हो म्हटलं असतं तर ते खुशीत लातूरला गेले असते. मुंबईचं उत्तर यायला महिना लागला असता. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं, मी लपवत नाही.

"मास्तर, ती मी सरळ केली," मी म्हणालो. "मुलींच्या काचांत तीही हाताखाली आली."

त्यांनी फोटो पुन्हा डोळ्याजवळ नेला. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वाकडी होती! तुम्हाला दिसली, म्हणूनच सरळ केलीत. मग तुम्ही लिहून द्या, की मी पाहिली."

याचीच मला भीती होती. "नाही पाहिली, मास्तर. हातानं केलं ते. काय वाकडं होतं, किती होतं, मला आठवतसुद्धा नाही. खोपीतही मी झोपेत होतो."

असं बोलताना मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि काठी उचलली.

"उद्या सकाळी या," दारातून ते म्हणाले. "कॅमेरा नको."

दुकानात तिघे बाप वाट पाहत होते. तरी मी गेलो. खोपीत मास्तरांनी त्यांची दुर्बीण माझ्या हातात दिली. ऊन वर येईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

"तो डावीकडे, मान खाली घालून पळतोय," ते म्हणाले. "बाकीचे चालतात, हा पळतो. मला तेवढंच कळतं, काहीतरी पळतंय. पुढचं तुम्ही बघा."

मी दुर्बीण लावली. पाखरू पाठमोरं होतं. मग तोंड चिखलात. माझे हात भरून आले, तरी मी दुर्बीण खाली घेतली नाही. एकवीस वर्षांत कुणाकडे इतका वेळ नुसतं पाहिलं असेन असं वाटत नाही. अखेर ते पाण्याच्या कडेला थांबलं, आडवं वळलं आणि मला दिसलं.

"वर वळलीय," मी म्हणालो.

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"नाही मास्तर. मुळाशी सरळ आहे. निम्म्यावरून वर जाते. पाय पिवळट आहेत."

"पिवळट की नारिंगी?"

मी परत पाहिलं. "नारिंगीकडे झुकणारे."

त्यांनी मोठा श्वास सोडला. कोटाच्या खिशातून वही काढून पेन्सिलीसकट माझ्या मांडीवर ठेवली. "लिहा. तारीख, जागा, चोच, पाय. मुंबईला हेच पाठवू." मी लिहिलं. खाली मोकळी ओळ होती. तिथे मी 'रेणु' एवढं लिहिलं असेल, त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"काय लिहिताय?"

"तुमचं नाव."

"मी कुठे पाहिलं आज? पाहिलं त्याचं नाव घालायचं असतं."

"मास्तर, अकरा वर्षं तुमची आहेत."

"असतील. पण चोच आज तुम्ही पाहिलीत. आता तरी काही सरळ करू नका, वसंतराव."

मी ती दोन अक्षरं खोडली आणि तिथे माझं नाव लिहिलं. मास्तर पाण्याकडे तोंड करून बसले होते. पाखरू उडून गेल्याचं त्यांना मीच सांगितलं.